सरदारांचा मूळ पुरुष

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कना सगळे ‘सरदार’ म्हणत. आपलं घराणं सातशे वर्षांपूर्वीच्या एका किल्लेदार सरदाराचं आहे, हे ते नळाची तक्रार घेऊन आलेल्यालाही ऐकवत. अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं बेकरीवाल्याच्या मुलाशीच लग्न करीन असा हट्ट धरला! सरदारांचं डोकंच फिरलं. पण सरळ नाही म्हटलं तर लेक घर सोडून जाईल. तेव्हा बेकरीवाल्यानंच दबून माघार घ्यावी, असा बेत त्यांनी आखला.

दप्तरखान्यातल्या बाईंकडून त्यांनी वंशावळ काढायला घेतली. चोवीस पिढ्या चढून बाई किल्लेदारापाशी पोचल्या आणि एवढं पुरे का, म्हणाल्या. सरदारांची हाव कुठली भागायला! त्या किल्लेदाराचंही मूळ शोधा, कोणी राजपुत्रच निघेल, असं त्यांनी बजावलं. शिवाय कागद लाखेची मोहोर लावून बंदच द्या, चारचौघांत फोडला की रुबाब पडतो, हेही सांगितलं.

रविवारी दोन्ही घरं सरदारांच्या दिवाणखान्यात जमली. सरदारांनी मोहोर फोडली आणि घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा करत चोविसाव्या पिढीला किल्ला आला, तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटायचंच काय ते बाकी होतं. त्याच चढ्या आवाजात त्यांनी पुढची ओळही वाचून टाकली. ‘हाच घराण्याचा मूळ पुरुष. आधी राजाच्या भट्टीवर रोट भाजत असे. तिथून उठवून राजानं त्याला किल्ल्यावर पाठवलं.’

सरदारांची बायको हसू दाबत आत पळाली.

बेकरीवाले मात्र गंभीर झाले. “म्हणजे तुम्ही आमच्यातलेच,” ते म्हणाले, “पण भट्टी सोडून गेलेले. अशा घरातली मुलगी करायची तर आम्हालाही विचार करावा लागेल.”

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून सरदारांचा सगळा ताठा उतरला. आमच्या हातात अजून ती कला आहे, हवं तर परीक्षा घ्या, असं ते भलतंच बोलून बसले.

परीक्षा सोमवारी सकाळी बेकरीत झाली. कोपरापर्यंत पीठ माखून, घामाघूम होत सरदारांनी डझनभर पाव भाजले. बेकरीवाल्यांनी त्यातला एक उचलून टेबलावर आपटला. टेबलाला पोचा पडला, पाव जसाच्या तसा. ते बराच वेळ तो पाव न्याहाळत राहिले.

“मुलगी आम्हाला पसंत आहे,” शेवटी ते म्हणाले. “आणि तुमच्या मूळ पुरुषाला राजानं भट्टीवरून का उठवलं, तेही आता कळलं.”