न ओढलेल्या सिगारेटी

स्टोअरकीपरसाहेबांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती, आणि एका संध्याकाळी त्यांनी ती सोडायचं ठरवलं. त्याला कारण शेजारचा फिटर!

त्यांच्या कारखान्यात हल्ली सिगारेट सोडवायला एक समुपदेशक बाई येत. त्यांचा सल्ला आणि डॉक्टरांचं औषध घेऊन फिटरने सिगारेट सोडली, आणि इकडे साहेबांच्या घरात कौतुकाला ऊत आला.

"काय खंबीर माणूस!" बायको म्हणाली. "भावोजींचा चेहरा बघितलात? कसा उजळलाय!"

"मी तर कधी ओढलीच नाही!"

"मग त्यात तुमचं काय कर्तृत्व?"

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांच्या संसारात हिने आपल्याला कधी खंबीर म्हटलंय? (एकदा 'आता बरे दिसता' म्हणाली होती, पण ते ताप उतरल्यावर.)

दुसऱ्या दिवशी ते बाईंपुढे हजर.

"दिवसाला किती ओढता?"

"फिटर किती ओढायचा?"

"ते मी सांगायची नाही."

"जे काय असेल, त्याच्या दुप्पट धरा!"

डॉक्टरांनी निकोटिनचं सगळ्यात कडक च्युइंगम दिलं. "एका वेळी एकच, हळूहळू चघळा," बाईंनी बजावलं. पण फिटरपेक्षा जास्त नाव व्हायला हवं ना! साहेबांनी दोन एकदम तोंडात कोंबली आणि कचाकचा चावली. आधी उचक्या लागल्या, मग स्टोअरमधले नटबोल्टचे खोके गरागरा फिरू लागले, आणि साहेब आडवे झाले.

डॉक्टरांनी तपासून "घाबरायचं कारण नाही, घरी न्या" म्हटलं. लिफ्ट बंद. फिटरनेच त्यांना खांद्यावर टाकून वर आणलं. मागोमाग बाई.

"वहिनी, रागावू नका," बाई म्हणाल्या. "पण इतक्या सिगारेटी ओढणाऱ्याला एवढ्याने घेरी यावी, हे काही कळत नाही."

"सिगारेटी? हे? अहो, ह्यांना काडी ओढायची भीती वाटते! मी गॅस पेटवेपर्यंत हे दाराबाहेर उभे असतात!"

फिटरने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"तू मलाही एकदा... हिक्... खंबीर म्हणावंस म्हणून," साहेब पुटपुटले.

बायकोचे डोळे भरून आले. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. "वेडे कुठले! माझ्यासाठी एवढं केलंत?" साहेबांना अगदी धन्य धन्य वाटलं.

मग ती फिटरकडे वळली. "पण भावोजी, कमाल आहे हो तुमची! ह्यांचं एवढं धूड घेऊन सगळे जिने चढलात, आणि साधी धाप नाही! सिगारेट सोडल्याचा केवढा हा फरक!"

साहेबांची उचकी पुन्हा सुरू झाली.