तिसरी शिट्टी

कविराजांनी कुकरात बटाटे घातले, झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला आणि ओट्याकडे तोंड करून मोठ्यानं कविता वाचायला सुरुवात केली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

ऐकणाऱ्याला हे खुळेपण वाटेल, पण त्या घरात कविता अशीच वाचली जायची. बाईंना दिवसभर बूड टेकायला सवड नसे. "अहो, कुकर लावतेय तेवढ्यात काय ते वाचून घ्या," असं त्यांनी लग्नानंतर लगेचच सांगून टाकलं आणि तो नियम जन्मभर टिकला. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून शिट्ट्या मोजत, हे मागे स्टुलावर बसून वाचत. तिसऱ्या शिट्टीला कविता संपलीच पाहिजे. संपली की बाई "हं" म्हणत. बरी नाही, वाईट नाही, नुसतं "हं". त्या धाकानं कविराजांच्या कविता आखूड झाल्या. समीक्षकांनी त्यांच्या 'संयमी अल्पाक्षरत्वा'वर लेख लिहिले, एकाने तर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. कुकराचा उल्लेख मात्र कुणीच केला नाही.

बाई गेल्या आणि कविता बंद पडली. जेवणाचा डबा बाहेरून येऊ लागला, कुकर फडताळात गेला. त्या दिवशी दुपारी अचानक ओळी सुचल्या, आणि सुचल्या त्या बायकोवरच. खरं म्हणजे ती कविता नव्हती, तक्रार होती. इतकी वर्षं वाचलं, तू कधी ऐकलंस का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आता तिला विचारायचं म्हणजे कुकर लावायला हवा, म्हणून त्यांनी तो खाली काढला.

फक्त पाणी घालायचं राहिलं. ते नेहमी बाई घालत. तेव्हा हे चष्मा शोधत असत.

पाणी नाही म्हटल्यावर शिट्टी कुठून होणार? आणि शिट्टी नाही म्हटल्यावर कविता कशी संपणार? कागदावरच्या ओळी सरल्या तसे कविराज मनानेच पुढे जोडत गेले. आजारपण आलं, दवाखाना आला, रिकामी खाट आली. डोळ्यांना धार लागली होती. ती धुरानं लागली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि सगळी धुरानं नव्हतीही.

खालच्या काकूंना खिडकीतून धूर दिसला. त्यांनी बंब बोलावला आणि वर येऊन दार ठोठावलं.

"अहो, आत आहात ना? दार उघडा!"

"थांबा जरा!" आतून रडवेला आवाज आला. "अजून पहिलीसुद्धा झाली नाही!"

पहिली काय, हे काकूंना कळेना. त्या घाबरून आणखी जोरात ओरडू लागल्या. तेवढ्यात आत फट्‌कन काहीतरी उडालं, आणि तोवर येऊन पोचलेल्या बंबावरच्या जवानांनी मग विचारत न बसता कडी तोडली.

"आजोबा, आत आणखी कोण आहे?" गॅस बंद करून, खिडक्या उघडून एका जवानानं विचारलं.

"कोणी नाही."

"मग बोलत कोणाशी होतात?"

"कविता वाचत होतो."

"कोणाला?"

कविराजांनी काळ्या पडलेल्या ओट्याकडे पाहिलं. जवानानं झाकण उडालेला जळका कुकर उचलून नळाखाली धरला. काकू मात्र म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, एकट्या पुरुषमाणसाच्या हाती गॅस ठेवू नये."

संध्याकाळी ऑफिसातून लेक धावत आली. आधी बापाला चाचपून पाहिलं, मग झापलं, मग पदर खोचावा तशी ओढणी खोचून ओटा घासायला लागली.

"बाबा, उद्याच्या उद्या माझ्याकडे चला. आमच्याकडे विजेचा कुकर आहे. आपोआप बंद होतो, शिट्टीसुद्धा नाही."

"शिट्टी नाही?" कविराज हबकले. "मग कविता संपवायची कुठे?"

"आता वाचायची तरी कोणाला, बाबा?"

"तेही खरंच म्हणा. तुझी आई तरी कुठे ऐकत होती? शिट्ट्या मोजायची. त्याही धड नाही. चार-चार, पाच-पाच होऊ द्यायची. कितीदा बटाट्यांचा लगदा झाला. मी ओरडायचो तिला, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून."

लेकीचा हात थांबला.

"लगदा कधी व्हायचा, बाबा?"

"कधीही व्हायचा."

"कधीही नाही. तुम्ही कविता वाचायचात तेव्हाच. एरवी आईची शिट्टी चुकल्याचं मला आठवत नाही. मी आणि दादा तर ताटावरूनच ओळखायचो. बटाटे अख्खे, म्हणजे कविता बेताची. लगदा असला की म्हणायचो, आज बाबांना जमली."

कविराज म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"आईनं बजावलं होतं. म्हणायची, सांगू नका रे त्यांना, डोक्यात हवा जाईल. मग पाच-पाच शिट्ट्यांच्या लिहीत बसतील."

कविराज हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. लेक गुपचूप खाली गेली आणि काकूंकडून कुकर मागून आणला. "मी स्वतः उभी राहणार आहे," असं तीनतीनदा सांगितल्यावर काकूंनी तो दिला. तिनं त्यात बटाटे घातले, मोजून पाणी घातलं आणि आई उभी राहायची तशी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली.

"हं, वाचा."

कविराज स्टुलावर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा कविता दवाखान्यापर्यंत आली होती. लेकीचा हात गॅसकडे गेला नाही. तिची पाठ हलत होती. चौथी झाली.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" कविराज सवयीनं ओरडले.

आणि आपण काय बोललो ते कळल्यावर कागद तोंडावर धरून रडू लागले. गॅस बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. बटाट्यांचा पार लगदा झाला.