मूळ बाई कोण

दार वाजल्यावर "कोण?" म्हटलं की माणसं नाव सांगतात. आमच्या धायरीच्या सोसायटीतली, समोरच्या फ्लॅटमधली हर्षदा सांगते, "महाराष्ट्रातली पहिली उखाणा रॅपर." आणि मग विरजण मागते.

उखाणा रॅप म्हणजे काय, हे तिला विचारू नका. मी विचारलं आणि अख्खा रविवार वाया गेला. हळदीकुंकवाला आपण उखाणा घेतो ना, तोच. फक्त दसपट वेगानं, हात नाचवत आणि नवऱ्याच्या जागी वैरिणीचं नाव घालून. मुलगी अमरावतीची, आयटीत बऱ्या पगारावर. पण अक्कल आणि पगार एकाच खिडकीवर मिळत नाहीत.

या थोर कलेत बायका एकूण दोन. दुसरी येरवड्याची पूनम. तीही पहिलीच! 'ओजी' कोण, यावर दोघींचं कायम भांडण. ओजी म्हणजे म्हणे मूळ पुरुष. इथे मूळ बाई. हर्षदा व्हिडिओ टाकायची, "चांदीच्या ताटात शिळी पोळी, पूनमच्या तोंडी माझ्याच ओळी." की येरवड्याहून उत्तर, "समोरच्या कोनाड्यात विझली पणती, हर्षदाची रॅपरांत कसली गणती." बघणारे सगळे एका रिक्षात मावले असते.

"काऊन हसता जी काकू?" ती फुरंगटायची. "इतिहासाचा प्रश्न आहे."

"इतिहासाला दुसरी कामं आहेत," मी म्हणायचे.

गेल्या महिन्यात पूनमनं रॅप सोडलं. चॅनेलच बंद केलं. नोकरी, संसार, जमत नाही म्हणे. त्याच संध्याकाळी हर्षदा येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"अभिनंदन," मी म्हटलं. "आता पहिलीही तूच आणि शेवटचीही तूच."

ती हसली नाही. डोळे भरले होते. "काकू, माझी ओळ कुठे लंगडते ते अख्ख्या पुण्यात तिलाच कळायचं हो. बाकीचे नुसतं 'मस्त' म्हणतात."

मला वाईट वाटलं. पण तोंडाची सवय जाते का? "मग मला काय सांगतेस? तिला सांग."

तिनं माझ्यासमोरच पूनमला मेसेज लिहिला. 'पहिली तूच. कबूल. आता तरी मला नावं ठेव.' जिच्यासाठी इतकी वर्षं भांडली, ती पहिलेपणाची गादी पोरीनं एका ओळीत देऊन टाकली.

दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे पूनमनं वाचलं. पुढे काही नाही. ती मोबाइलकडे बघत बसून राहिली.

"लिहीत असेल," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं. पूनमच्या नावाखाली 'टायपिंग' उमटत नव्हतं, ते मलाही दिसत होतं.