टाकीच्या चढावरील पन्नास सीसीची मोहीम

श्री. समस्त चाकधारी, किकपीडित आणि पेट्रोलगंधप्रिय वाचकांचे हुजुरी विनंती ऐसी जे, आमचे आळीत पाण्याच्या टाकीच्या चढावर जो रणसंग्राम जाहला त्याचे खरे वर्तमान काय ते पुसोन पाठविले, तरी जे डोळां देखिले आणि जे भिंतीआडून ऐकिले ते पदरचे काही न घालिता, घातलेच तर शोभेपुरते घालोन, येथे लिहिले असे.

राजश्री बाबासाहेब चष्म्यांचे दुकानी तमाम लोकांचे नंबर काढावयाच्या कामावर खासे होते. माणूस सालस, व्यसन एकच, ते म्हणजे जुन्या, दुर्मिळ आणि इवल्याशा मोटारसायकली जमविणे. अन्य लोक थोर इंजिनाची हाव धरितात, परंतु या पंथाचा कायदा उफराटा. जितके इंजिन लहान तितका मान मोठा. ऐंशी सीसीवाल्यास बैठकीत खुर्ची मिळे आणि शंभर सीसीवाला दारापाशी उभा राही. "शंभर? ट्रक घेतलास की काय रे?" ऐसे बोलोन नटबोल्टकाकांनी एका नव्या गड्यास भर सभेत रडकुंडीस आणिले होते. हे नटबोल्टकाका म्हणजे बाबासाहेबांचे जिवलग दोस्त आणि हाडवैरी, पदरी साठ सीसीची गाडी, त्यामुळे मिजास फार. ती मिजास उतरवावी म्हणोन बाबासाहेबांनी मुलूख धुंडाळिला आणि एका कोंबड्यांच्या खुराड्यातून पन्नास सीसीची हिरवी गाडी, सीटवरील अंड्यासुद्धा, हस्तगत केली. तीस चिमुरडी ऐसा किताब दिधला. मागील शेडमध्ये चार जुन्या गाड्या आधीच गतप्राण पडिल्या होत्या, सबब चिमुरडीची स्थापना जेवणाच्या खोलीत जाहली आणि टेबल भिंतीस चिकटोन बसले.

बाबासाहेबांस एक कन्या, नववीत शिकणारी, जिभेची तिखट आणि बोटांची चपळ, तीस घरीदारी ठिणगी म्हणत. तिजकडे इंजिनास पेट्रोल आणि हवा मिसळोन पाजणाऱ्या कार्बोरेटरचा सुभा होता. अवघी सुट्टी तिने वर्तमानपत्र पसरोन तो खोलिला, गिटारीच्या तुटक्या तारेने त्याची बारीक भोके साफ केली आणि पुन्हा जोडिला. तों एक स्क्रू हाती उरला, मग पुन्हा खोलिला. ज्या दिवशी चिमुरडी प्रथम "फट्" म्हणाली ते दिवशी ठिणगी ऐसी किंचाळली की शेजारचे कुत्रे पलंगाखाली दडले. त्या फट् मध्ये तिचा जीव गुंतला होता. शाळेत चित्रे, नाच, पळणे सर्व करोन जाहले, परंतु आपल्या हाताने मेलेले काही जिवंत जाहले, हे प्रथमच.

ऐसे असता आईसाहेबांचा कोप जाहला. आईसाहेब दातांच्या दवाखान्यात परिचारिका, तेथील शिस्तीप्रमाणे पायी पांढरे बूट. ते बूट कोणी चिमुरडीखाली सरकविले याचा शोध आजवर लागला नाही. रात्रभर काळे तेल ठिबकले आणि आईसाहेब घाईत बूट घालोन चाकरीवर गेल्या. दिवसभर रुग्ण तोंड उघडोन विचारीत होते की वास कसला येतो. रविवार येताच आईसाहेबांनी खलबत भरविले आणि गाडी हलवा म्हणोन बजाविले. तेथे बाबासाहेबांनी मुत्सद्देगिरी सोडोन बढाई मारिली.

"अगं, चालू होते आता ती! पळते बघ कशी, नुसती बघत राहशील."

"पळते ना? मग आज संध्याकाळच्या आत टाकीपर्यंत चढवून दाखवा. वर माणूस बसलेला पाहिजे, आणि ढकलायची नाही. नाही चढली, तर भंगारवाल्याला फोन."

हुकूम सुटला.

मग मोहिमेची तयारी जाहली. नटबोल्टकाका कुमकेच्या मिषाने, परंतु खरे पाहता फजिती बघावयास, बिस्किटांचा पुडा घेवोन दाखल जाहले. बाबासाहेब हेल्मेट, जाकीट, हातमोजे चढवोन स्वार जाहले आणि चिमुरडी मिक्सरासारखा गजर करीत निघाली. सपाटीवर तिने ऐसी शर्थ केली की ठिणगी टाळ्या पिटीत मागे धावली. परंतु चढ लागताच गजराचे कण्हणे जाहले, आणि अर्ध्या वाटेत काठी टेकीत चाललेल्या एका आजोबांनी चिमुरडीस मागे टाकोन, जाता जाता "ढकलू का?" ऐसे पुसिले. तो घाव तलवारीहून खोल गेला. गाडी थांबली आणि फौज माघारी आली.

मग फाटकापाशी मसलत बसली. काका बोलिले, हवेत दमटपणा आहे. बाबासाहेब बोलिले, "हा चढच वाढलाय. मागे इतका नव्हता." मग ओझे कमी करावे ऐसे ठरोन पान्यांची पेटी उतरविली, जाकीट उतरविले, बूट, किल्ल्या, पाकीट उतरविले, अखेर चष्माही उतरविला, तेव्हा चढच दिसेनासा जाहला, म्हणोन तो पुन्हा चढविला. दुसरी स्वारी अनवाणी निघाली आणि त्याच जागी शिकस्त खावोन परतली. तेव्हा बाबासाहेबांनी कार्बोरेटरावर संशय घेतला. येथे ठिणगी भडकली.

"बाबा, कार्बोरेटर ठीक आहे. मी स्वतः बसवलाय. तुम्ही जड आहात!"

इंजिनाचा एकेक सीसी ज्यांनी मोजिला त्यांनी स्वारास मात्र कधी काट्यावर उभे केले नव्हते. काकांकडे पाहावे तर ते दीडपट. ठिणगी म्हणाली मी जाते, तों तिघांसही परवान्याचे वय आठवले. मग हलके कोण आणि परवाना कोणाकडे, ऐसा शोध घेता सर्वांची नजर एकदम गच्चीवर गेली. तेथे आईसाहेब चहा पीत, ढळता सूर्य बघत, फोन शेजारी ठेवोन बसल्या होत्या.

ठिणगी वकिलीस वर गेली.

"आई, तू चालव ना."

"मी? म्हणजे मीच मला हरवू?"

"सुट्टीभर कार्बोरेटर साफ केलाय गं मी. चालतो तो. फक्त बाबांना ओढत नाही."

"मग त्यात माझा काय दोष?"

तेव्हा ठिणगीने अखेरची तोफ डागिली. "राहू दे. काका म्हणालेच, वहिनींना गिअर झेपायचे नाहीत."

काका ऐसे बोलिले नव्हते. परंतु आईसाहेबांनी गच्चीवरून खाली डोळे वटारिले, तेसमयी काकांचे मुखी अख्खे बिस्कीट होते, त्यामुळे त्यांस खंडन करिता आले नाही.

आईसाहेबांनी कप ठेविला, केस बांधिले, हेल्मेट घातले आणि एकाच किकेत चिमुरडीस जागे केले. बाबासाहेबांनी आ वासिला.

"माझ्या दादाची मोटारसायकल चालवायचे मी कॉलेजात असताना," आईसाहेब बोलिल्या. "विचारलंत का कधी?"

बाबासाहेबांनी विचारिले नव्हते.

चढ लागला. अर्ध्या वाटेवर तोच कण्हण्याचा सूर उमटला आणि ठिणगीने काकांचा दंड ऐसा आवळिला की पुडा खाली पडिला. तों आईसाहेब किंचित पुढे वाकल्या, खालचा गिअर टाकिला, आणि चिमुरडी खोकत, थुंकत, धूर सोडीत टाकीस जावोन भिडली! ठिणगीने आळी डोईवर घेतली. परंतु आईसाहेब टाकीपाशी थांबल्या नाहीत. पलीकडे उतरल्या आणि दिसेनाशा जाहल्या.

सूर्य मावळला. "आरसा ओरिजिनल आहे गं तिचा," ऐसे बाबासाहेब पुटपुटले आणि ठिणगीने त्यांजकडे पाहिले, तेव्हा "आईही लवकर यायला हवी," ऐशी पुस्ती जोडिली.

आईसाहेब परतल्या त्या केस विस्कटलेल्या, गाल लाल, वयाने लहान दिसणाऱ्या. उतरताच फर्मान सांगितले की भंगारवाल्यास फोन होणे नाही, चिमुरडी आजपासोन आमची, आम्ही तीवर दवाखान्यात जाणार, देखभालीचा अधिकार ठिणगीस बहाल, आणि डबा ठेवावयास पुढे एक बास्केट पाहिजे.

"बास्केट?" बाबासाहेबांचा सूर चिरकला. "म्हणजे... पत्र्याला भोक?"

"चार भोकं," आईसाहेब बोलिल्या.

दुसरे दिवशी सकाळी ठिणगीने खडूने चार खुणा केल्या. नटबोल्टकाका साक्षीस होते, त्यांचेही डोळे पाणावले. बाबासाहेबांनी चष्मा पुसिला, ड्रिल हाती घेतले आणि त्या दुर्मिळ, अस्सल, डागविरहित पत्र्यावर स्वहस्ते चालविले. पहिले भोक आरपार गेले, तेव्हा मोहीम पुरती फत्ते जाहली, ऐसे येथे दप्तरी लिहिले असे.