बाणाला शिस्त

आमच्या घरी कॉम्प्युटर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या ब्लॉकमधले शिर्के काका खिशात पोलादी पट्टी घालून आले. काका निवृत्त इन्स्पेक्टर. पोलिसातले नव्हेत, पिंपरीच्या कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणारे. कॉम्प्युटर केवढ्याला घेतला, हे त्यांनी विचारलंच नाही. माऊसशेजारी पट्टी ठेवली, माऊस इंचभर सरकवला आणि पडद्यावरचा बाण कुठवर गेला ते मोजलं.

"हात एक इंच सरकला, बाण चार इंच. वरचे तीन इंच कुणी मागितले होते?"

मी म्हटलं, हा वेग कंपनीनेच ठेवलेला असतो. "कंपनी चुकली," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. कंट्रोल पॅनेल उघडून त्यांनी बाणाचा वेग उतरवला. हात जोरात फिरवला की बाणाने आणखी लांब उडी मारायची एक सोय असते, तीही बंद केली. "उडाणटप्पूपणा नको," म्हणाले.

सोसायटीतल्या झाडून सगळ्या माऊसना त्यांनी अशी शिस्त लावली. खराडीला आयटीत नोकरी करणाऱ्या पोरांचे बाणसुद्धा बैलगाडीच्या चालीने चालू लागले. काका गेले की पोरं वेग वाढवायची, मीही वाढवायचो. रविवारी काका तो पुन्हा उतरवायचे. चहा मात्र कुणाकडे घेत नसत. सवय लागते म्हणत. पुढे परतफेड करावी लागेल म्हणून ही तजवीज, असं मी बायकोला सांगून हसत असे. एकट्या माणसाला साखर तरी किती लागणार? बाकी त्यांचा अभिमान एकच होता: तीस वर्षं मायक्रोमीटर धरला, पण हात कधी हलला नाही.

एका रविवारी बाणाचा वेग अगदी तळाला नेऊन काका विंडो बंद करायला निघाले. कोपऱ्यातल्या फुलीवर बाण ठरेना. तिच्या आजूबाजूला नुसता थरथरत राहिला. टेबल हलतंय, काका म्हणाले. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी स्वतः खाली वाकून ती टेबलाच्या पायाखाली सरकवली. बाण थरथरतच होता. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि ते चहा का घेत नाहीत ते मला एकदम कळलं. इतके दिवस हसलो त्याची लाज वाटली.

काकांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग हळूच विचारलं, "टेबल हलत नाहीये ना हो?"

खरं तोंडावर बोलायला पुण्यात कुणी कचरत नाही, मी तर नाहीच.

"हलतंय," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

एखादा सुटा भाग तपासावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "वहिनी, अर्धा कप चहा टाकता का?"

कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. सांडला तेवढा बशीतून प्यायले. जाताना दारात थांबले.

"सुताराला बोलावू नका. दर रविवारी मी येऊन बघत जाईन."

या म्हटलं. बाणाचा वेग मी त्यानंतर कधी वाढवला नाही.