उलटी बाजू बघणारे बसप्पा

बसप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा नमस्कार करण्याआधी त्यांनी माझ्या कोटाचं टोक उचललं आणि उलटं करून आतलं अस्तर बघितलं. मी सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. ट्रेनिंग कॉलेजचा शिक्का ताजा, कोट इस्त्रीचा. अशा माणसाचा कोट भर रस्त्यात कुणी उचलावा म्हणजे काय! मी काही बोलणार एवढ्यात त्यांनीच निकाल दिला.

"वरनं झ्याक हाय. आतनं उसवलाय. टाकं तुमीच घातलंसा व्हय? घरची मानसं गावाकडं असत्याली."

घरची माणसं नातेपुत्याला होती आणि टाके मीच घातले होते. या दोन्ही गोष्टी एका परक्या माणसाला माझ्या अस्तरावरून कळाव्यात याचा मला भयंकर राग आला. पण तोवर ते पुढे निघूनही गेले होते आणि भाजीवालीच्या पाटीतलं वांगं उलटं करून बघत होते.

बसप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. बोलत मराठी, पण विचार कानडीत करत. सोलापूरच्या एका गिरणीत त्यांनी उभी हयात विणून आलेलं कापड तपासण्यात घालवली होती. तागा समोर आला की बाकीचे वरची बाजू बघत, बसप्पा आधी तो उलटा करत. तुटका धागा, सुटलेली गाठ, विणकराने केलेली चालढकल, सगळं मागच्या बाजूला सापडतं असं त्यांचं म्हणणं. "म्होरली बाजू इकणाऱ्याची असती ओ. पाट बगा, पाट!" डोळे अधू झाले म्हणून ते गिरणी सोडून घरी बसले, पण हाताची खोड गेली नाही. ताटातली भाकरी आधी उलटी व्हायची. नवी पेठेत सराफाने भाचीसाठी नथ दाखवली, तर मोत्यांकडे न बघता हे मागची तार चाचपत बसले. गड्ड्याच्या जत्रेत सर्कस आली तेव्हा सगळं सोलापूर तंबूच्या पुढे लोटलं होतं आणि बसप्पा तंबूच्या मागे, वाघाला खेळवणारा माणूस कोरडी भाकरी खात होता तिथे, उकिडवे बसून त्याच्याशी गप्पा मारत होते. "वाग लई गरीब हाय," असं त्यांनी परत येऊन आम्हाला सांगितलं, "मालकाला जपतोय."

आळीतली पोरं त्यांना उलटे अप्पा म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. एखादी गोष्ट मनापासून पसंत पडली की ते एकच शब्द उच्चारत: "हौदु." म्हणजे कानडीत हो. हा शब्द त्यांच्या तोंडून काढणं महाकठीण. त्यांची थोरली बहीण गंगव्वा त्यांच्याजवळ राहायची. एवढ्या वर्षांत आपल्या भाकरीला दोनदाच हौदु मिळालं, असं ती कौतुकाने सांगे.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या शाळेचं नशीब सापडलं.

ही एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते, पण पाचवी ते सातवी हे वरचे वर्ग पोरं कमी म्हणून बंद करावेत असं म्युनिसिपालिटीत घाटत होतं. तसं झालं असतं तर आमच्या भागातली गिरणीवाल्यांची आणि हातमागवाल्यांची पोरं चौथीलाच थांबली असती. दुसरी शाळा पार गावाच्या त्या टोकाला, आणि मुलींना तर तिकडे कुणीच धाडलं नसतं. त्या वर्गांबरोबर माझी नोकरीही गेली असती, हेही सांगून टाकतो. शेवटी असं ठरलं की आळीतल्या तीन जाणत्यांनी शाळा बघावी आणि ती वरचे वर्ग चालवण्याच्या लायकीची आहे असं तिघांनीही महिनाअखेर लिहून द्यावं. पहिले होते एक कापडाचे व्यापारी, त्यांनी गादीवरून न उठता सही केली. दुसरे वकील, त्यांनी जेवता जेवता डाव्या हाताने केली. तिसरे बसप्पा. त्यांना सही येत नव्हती, ते अंगठा देणार होते.

"एका अंगठ्याचा तर प्रश्न!" हेडमास्तर म्हणाले आणि कामाला लागले. अंगण सारवलं, फाटकाला आंब्याची पानं लावली. दत्तू नावाचा आमचा हुकमी एक्का धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसवला. दहा वाजता आम्ही सगळे फाटकाशी हात जोडून उभे राहिलो. साडेदहा झाले तरी बसप्पांचा पत्ता नाही. शेवटी वर्गातून खसखस ऐकू आली म्हणून आत गेलो, तर बसप्पा सहावीच्या वर्गात सगळ्यात मागच्या तरटावर मांडी घालून बसलेले! परसातल्या मोडक्या कुंपणातून आले होते. तिकडून आमचा पाण्याचा रांजण, कचऱ्याचा ढीग आणि आम्ही लपवून ठेवलेली मोडकी घडवंची, असं सगळं त्यांचं बघून झालं होतं.

हेडमास्तरांनी दत्तूला उभं केलं. दत्तूने हिंदुस्थानातल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत धडाधड वाहवल्या. बसप्पा कौतुकाने ऐकत होते.

"लई हुशार," ते म्हणाले. "पर ह्यो शाळा नसती तरीबी हुशारच झाला असता की ओ. ह्यात तुमचं काय?"

हेडमास्तरांचा चेहरा एवढासा झाला. माझाही झाला असावा, कारण दत्तू माझ्या वर्गातला होता.

मग बसप्पांनी हजेरीचं पुस्तक मागितलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, कारण त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक मांडीवर आडवं धरलं आणि पानावरून बोट फिरवायला सुरुवात केली. मुलगा हजर असेल त्या दिवशी आम्ही तिरकी रेघ मारत असू, नसेल त्या दिवशी टिंब. ओळीमागून ओळ रेघा. ते पान बसप्पा कापडासारखं बघत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"हितं भोक पडलंय. आट दिस सलग. कोन हाय ह्ये?"

"नरसम्मा," मी म्हणालो. "विणकराची मुलगी आहे."

"का ईना झालीया?"

"काय की. आली नाही म्हणून टिंब दिलं."

"टिंब दिलंसा," बसप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला घाम फुटला. "मागावर धागा तुटला तर विणकर गाट मारतोय. नुसतं हितं तुटलाय म्हणून लिवून ठेवत न्हाई. सांच्यापारी जाऊन बगितलंसा का?"

हेडमास्तरांनी शाईची गादी पुढे सरकवली. बसप्पांनी ती उलटी करून बघितली आणि परत दिली. अंगठा काही दिला नाही.

त्या दिवसापासून ते रोज हजेरीच्या वेळी यायला लागले. कुंपणातूनच. मागच्या तरटावर आपल्या ठरलेल्या जागी बसत, हजेरी संपली की पुस्तक मागत, टिंबावर बोट ठेवून माझ्याकडे बघत आणि विचारत, "गाट मारलीसा का?" मी त्यांचा इतका धसका घेतला की केवळ तो प्रश्न चुकवण्यासाठी संध्याकाळी पोरांच्या घरी जाऊ लागलो. शिक्षणावरचं प्रेम वगैरे नंतरच्या गोष्टी.

नरसम्मा घरी कांड्या भरत होती. बाप माग चालवणार आणि त्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या ही भरणार. तिच्या बापाला मराठी बेताचं आणि मला तेलुगूचा गंध नाही, पण तासभर हातवारे झाल्यावर ठरलं की ती पहाटेच कांड्या भरून ठेवेल आणि शाळेत थोडी उशिरा येईल. दुसऱ्या एका मुलाला एकच सदरा होता, तो धुतला की शाळा बुडायची. त्याला मी सांगितलं की सदरा ओला असला तर उघडा ये, मागच्या रांगेत अप्पांच्या उपरण्यात बस. तो खरोखरच आला आणि बसप्पांनी उपरणं दिलं. दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी मास्तर घरी येणार, अशी पद्धतच पडून गेली. पोरं हळूहळू वाढली. सहावीचं पान बरंच घट्ट विणीचं दिसू लागलं.

पण अंगठा मिळेना. "बगू की," एवढंच म्हणत.

महिना संपायला चार दिवस उरले आणि बसप्पा यायचे थांबले. पहिल्या दिवशी हेडमास्तर येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी छापील कागद आणि शाईची गादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "शाळा सुटली की सरळ त्यांच्या घरी जा. पाया पड, रड, काहीही कर. पण अंगठा घेऊनच ये." मी मान हलवली.

शेवटच्या तासाला नरसम्मा उभी राहिली. ही मुलगी वर्गात सहसा तोंड उघडत नसे.

"मास्तर, अप्पांची तीन टिंबं झाली."

"अप्पांचं नाव पुस्तकात कुठे आहे?"

"नसू दे की. जागा रिकामी हाय न्हवं." तिने मागच्या तरटाकडे बोट केलं. तिथे कुणी बसलं नव्हतं, तीन दिवस पोरांनी ती जागा सोडून ठेवली होती. "आमच्या घरला आलंसा तसं त्यांच्या घरला जायाचं न्हाई का? ताप आला असंल तर?"

मला लाज वाटली. तीन दिवस मी त्यांच्या अंगठ्याची काळजी करत होतो. ताप आला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि मागची रांग बरोबर घेऊन तसाच निघालो.

गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. बसप्पांच्या घराशी पोचलो तर ते ओट्यावर बसलेले. अंगात धुवट सदरा, डोक्याला नवा फेटा, दाढी केलेली. शेजारी सुपात चुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा, दहाबारा जणांना पुरेल एवढं. ताप नव्हता, खोकला नव्हता, काही नव्हतं.

"उशीर केलासा," ते म्हणाले.

मी चिडलोच. एवढी काळजी करत आलो, आणि हा माणूस नवरदेवासारखा नटून बसलेला! पण तेवढ्यात गंगव्वा दारात आली.

"परवापास्नं असाच बसलाय बगा," ती म्हणाली. "सकाळी फेटा बांदतोय आनि दिसभर रस्त्याकडं बगतोय. चुरमुरं रोज मऊ पडत्यात, रोज बदलाय लावतोय. ल्हानपनी गावच्या शाळंत चार महिनं जात हुता. मग गोवर आला. पंतोजी बगाय येतील म्हनून हातरुणात उटून बसायचा, टोपी घालून. पंदरा दिस बसला. कोन आलं न्हाई. बरा झाला तर आयला म्हनला, अव्वा, तितं मी नसलो तरी चालतंय. मग बानं मागावर बशिवला." ती जरा थांबली. "आता साटी झाली, तरी अजून टोपी घालून बसलाय."

बसप्पा तिच्यावर खेकसले, कानडीत. मग फेटा सारखा करत माझ्याकडे वळले.

"कागूद आनलासा का अंगट्याचा?"

मी खिसे चाचपले. कागद आणि गादी शाळेत टेबलावरच राहिली होती. हेडमास्तर आता माझा जीव घेणार होते.

"विसरलो," मी म्हणालो.

"मग कशाला आलासा?"

"तुम्ही तीन दिवस आला नाहीत म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. अधू डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या कोटाचं टोक उचललं, उलटं केलं, आणि बघून परत खाली सोडलं. अस्तर अजून तसंच उसवलेलं होतं, पण या वेळी त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पोरांनी एव्हाना सुपावर धाड घातली होती. नरसम्माने चुरमुऱ्यांची एक मूठ आधी अप्पांच्या हातात दिली, मग आपण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसप्पा शाळेत आले ते पुढच्या फाटकातून. हेडमास्तरांनी कागद आणि गादी घेऊन धाव घेतली.

"दम धरा," बसप्पा म्हणाले. "आदी हजेरी."

ते मागच्या तरटावर आपल्या जागी जाऊन बसले. मी पुस्तक उघडलं. आदल्या रात्री मनाशी ठरवलं होतं तसं शेवटच्या नावाखाली सुवाच्य अक्षरात एक नाव मी वर्गात येण्याआधीच लिहून ठेवलं होतं. म्युनिसिपालिटीचा नियम मोडून, शाईने. एकेक नाव घेत गेलो, एकेक "हजर" येत गेलं. नरसम्मा झाली. मग मी शेवटचं नाव वाचलं.

"बसप्पा."

सगळी पोरं वळून मागे बघू लागली. बसप्पा हात टेकून उठले, फेट्याला हात लावून उभे राहिले. ओठ हलले, आवाज फुटेना. दारात हेडमास्तर दबक्या आवाजात सांगत होते, "हजर म्हणायचं असतं, हजर."

"हौदु," बसप्पा म्हणाले.

मी रेघ मारली.