अनंतरावांनी व्हॉल्व्ह घट्ट बसवले

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला आपण गिटार वाजवायची, असं लोणावळ्याच्या अनंतरावांनी एका मंगळवारी जेवता जेवता जाहीर केलं, आणि वासंतीबाईंची तव्यावरची पोळी करपली. या गिटारीला सव्वीस वर्षांचा इतिहास होता. लग्नात, उर्से या सासुरवाडीच्या गावी, भर मांडवात नवरदेवाने हौसेने गिटार काढली, सगळं गाव गोळा झालं आणि पहिल्याच झटक्याला तार तुटली. तेव्हापासून जावई उंबऱ्यात आला की सासरे अंबाजी एकच विचारत, "जावईबापू, तार बसली का?" हा प्रश्न कायमचा बंद करायचा, एवढीच अनंतरावांची इच्छा होती.

त्यासाठी त्यांनी, जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचा, पेटीएवढा जुना अँप्लिफायर आणला होता. (नवा, सुटसुटीत मिळत होता. पण आवाजात ऊब पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ऊब होती. थंडीत वासंतीबाई त्याच्यावर विरजण ठेवत.) अडचण अशी की आतले चार व्हॉल्व्ह वटवाघळांसारखे उलटे लटकत, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा आधीच्या मालकाकडेच राहिल्या होत्या. पेटी जरा हलली की व्हॉल्व्ह सैल, आवाज गुल.

बाजारातल्या पप्पू मेकॅनिकने सांगितलं, क्लिपा मागवाव्या लागतील, पंधरा दिवस जातील. कार्यक्रम तर रविवारी. "आणि काका, रबर-बिबर लावू नका. व्हॉल्व्ह तव्यासारखा तापतो," असंही तो म्हणाला. अनंतरावांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि घरी जाऊन कोथिंबिरीच्या जुडीची रबरं लावली.

दहा मिनिटांत वासंतीबाईंनी गॅस बंद केला, कुकर उघडला, त्याची रिंग हुंगून पाहिली. वास बाहेरच्या खोलीतून येत होता.

मग मेहुण्याने, हौशीरामने, फोनवर उपाय सुचवला. त्याचं गुलाबाचं पॉलिहाऊस. "दाजी, आमी कळीला जाळीची टोपी घालतो. कळी कशी गप बसती. धाडू का?" टोप्या आल्या. टोप्या घातलेले चार व्हॉल्व्ह इतके गोंडस दिसले की अनंतरावांनी पेटी चालू ठेवून त्यांचे फोटो काढले. तिसऱ्या फोटोत टोप्या वितळलेल्या आहेत.

शनिवारी ते डोक्याला हात लावून बसले. उद्या पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच हसू, या विचाराने त्यांना खरोखर रडू येत होतं. वासंतीबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढला, त्यातली स्प्रिंग ओढून घेतली आणि तिच्यावरचं प्लास्टिक विळीवर पडवळासारखं सोललं.

"हे जळणार नाही. बांधा आता," त्या म्हणाल्या.

प्लग काढून, पेटी गार झाल्यावर, अनंतरावांनी प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडावरून स्प्रिंग ताणून दोन्हीकडे स्क्रूला अडकवली. पेटी हलवली, कलती केली, तिला बाळासारखं कडेवर घेऊन खोलीभर चालले. एकही व्हॉल्व्ह हलला नाही. आनंदाच्या भरात त्यांनी बायकोला चहा करून दिला. (साखर राहिली.)

रविवारी पेटी पुढच्या सीटवर, गादीवर, पट्टा लावून बसली. वासंतीबाई मागे, मांडीवर श्रीखंडाचं पातेलं घेऊन. निघताना त्यांनी सगळं घेतलं ना, असं विचारलं, त्यावर अनंतराव अभिमानाने म्हणाले, "चारही घट्ट आहेत." जुन्या हायवेने ते इतक्या हळू गेले की कामशेतजवळ एका ट्रॅक्टरवाल्याने ओव्हरटेक करून, थांबून, काही मदत हवी का ते विचारलं.

उर्शाला मांडव भरला होता. अनंतरावांनी सगळ्यांसमोर बटण दाबलं. चारही व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले, पेटी घुमली, गाव गप्प झालं. अंबाजी काठी टेकून पुढे सरकले. अनंतरावांनी झोकात मागे हात केला. मागे हौशीराम होता. गिटार लोणावळ्यात, दाराच्या मागे उभी होती.

अंबाजींनी पेटीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"ह्या टायमाला ब्येस केलं," ते म्हणाले. "तार घरीच ठिवली. तुटायचं भ्याव न्हाई."

मांडव हसून हसून आडवा झाला. अनंतरावांना वाटलं आपणही व्हॉल्व्हसारखं उलटं लटकावं. पण एवढी तापलेली पेटी वाया जायला नको म्हणून हौशीरामने भजनी मंडळाचा माइक आणला. त्याची पिन बरोब्बर बसली. लोकांनी सासूबाईंना, अंबूबाईंना, पुढे ढकललं. त्यांनी पदर सावरला आणि उखाणा घेतला:

"गुलाबाच्या मळ्यात काट्यांची दाटी,
अंबाजीराव चोरून चहा करत्यात माझ्यासाठी."

त्या उबदार आवाजात ही बातमी पार गावाच्या वेशीपर्यंत गेली. अंबाजी टोपीत तोंड लपवून हसत होते. मग एकेक बाई उठली आणि दुपार कलेपर्यंत उखाणे, गाणी, फुगडीची ठेकेबाज दंगल चालली. व्हॉल्व्ह जागचे हलले नाहीत. अनंतराव पेटीशेजारी बसून पंख्याने तिला वारा घालत होते, आणि त्यांना कधी नव्हे इतकं छान वाटत होतं.

निघताना अंबूबाईंनी पेटीवरून मायेने हात फिरवला.

"जावईबापू, लय गुणाची हाय. फुडल्या महिन्यात हौशीरामच्या नातवाचं बारसं हाय, हिला नक्की धाडा," त्या म्हणाल्या. "तुमी काय, सवड घावली तर या."